उजेड वितळवतो, गॅस कापतो

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या शेडमध्ये लेझर मशीन चालू असलं आणि बाहेरचा माणूस आला, की तो आधी मोबाइल काढतो. पत्र्याखालून उडणाऱ्या पिवळ्याधमक ठिणग्यांचा झोत असतोच तसा. बहुतेकांना वाटतं, हाच लेझर. खरं तर त्या ठिणग्या म्हणजे वितळून खाली फेकलं जाणारं लोखंड. लोखंड कापणाऱ्या आजच्या फायबर मशीनमधला लेझर डोळ्यांना दिसतच नाही. त्याची तरंगलांबी साधारण १०७० नॅनोमीटर असते आणि आपली नजर ७०० नॅनोमीटरच्या आसपासच थांबते.

दुसरा गैरसमज जास्त मुरलेला आहे, आणि तो कारखानदारांतही आढळतो. लोखंड लेझर कापतो, असा तो समज. लेझर लोखंड वितळवतो, एवढंच. वितळलेला रस खाचेतून ढकलून बाहेर काढायचं काम किरणाबरोबर त्याच नोझलमधून येणारा गॅस करतो. गॅस बंद करून नुसता किरण फिरवला, तर पत्र्यावर वेल्डिंगसारखी एक रेघ उमटेल आणि रस जागच्या जागी गोठेल. तुकडा सुटणार नाही. हे एकदा नीट लक्षात आलं की त्याच जाडीचे दोन दर का, एकाची कड चांदीसारखी आणि दुसऱ्याची काळी का, पावडर कोटिंग कडेलाच का सुटतं, या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळू लागतात.

आधी उजेडाकडे पाहू.

अणूला बाहेरून ऊर्जा दिली की तो चढलेल्या अवस्थेत जातो आणि थोड्या वेळाने ती ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपात सोडून खाली येतो. ट्यूबलाइटमध्ये हेच घडतं, पण तिथे प्रत्येक अणू आपल्या मर्जीने, वाटेल त्या दिशेला प्रकाश सोडतो. आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये दाखवून दिलं की चढलेल्या अणूजवळून योग्य ऊर्जेचा प्रकाशकण गेला, तर तो अणू अगदी तसाच दुसरा कण सोडतो: तीच दिशा, तीच तरंगलांबी, तोच ताल. एकाचे दोन, दोनाचे चार. ही गुणाकाराची साखळी दोन आरशांच्या मध्ये पुन्हा पुन्हा फिरवली आणि एका आरशातून थोडा प्रकाश बाहेर येऊ दिला, की लेझर तयार. कागदावरची ही कल्पना यंत्रात उतरायला ४३ वर्षं गेली. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी अमेरिकेत माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढून दाखवला.

कारखान्याच्या कामाचा लेझर मात्र दिला तो आपल्या बारामतीत जन्मलेल्या माणसाने, आणि ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. चंद्र कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ चा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि पुढे बेल लॅबमध्ये रुजू झाले. तिथे १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर बनवला. त्यांनी पुढे त्यात नायट्रोजन मिसळला. विजेच्या झटक्याने नायट्रोजनचे रेणू थरथरू लागतात आणि ती ऊर्जा धक्क्यासरशी कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतात. या एका युक्तीने लेझरची ताकद प्रयोगशाळेतल्या किरकोळ मिणमिणाटावरून धातूला हात घालण्याइतकी वाढली. पुढची कित्येक दशकं जगभरचा पत्रा मुख्यतः याच जातीच्या लेझरने कापला.

पण त्यानेही एकट्याने कापला नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संशोधन संस्थेतल्या पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी १९६७ मध्ये किरणाच्या जोडीला ऑक्सिजनचा झोत सोडला, तेव्हा कुठे एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा स्वच्छ कापला गेला. लेझर होता फक्त ३०० वॉटचा. धातूचं लेझर कटिंग म्हणून आपण जे ओळखतो त्याचा जन्म हा, आणि त्यात गॅस पहिल्या दिवसापासून आहे.

आता उद्यमनगरातल्या शेडमध्ये परत येऊ. आज तिथे लोखंडासाठी दिसतं ते फायबर मशीन. कपाटाएवढ्या पेटीत शेकडो छोटे डायोड असतात. त्यांचा प्रकाश काचेच्या एका बारीक तंतूत सोडतात. या तंतूच्या गाभ्यात इटर्बियम या धातूचे अणू मिसळलेले असतात. डायोडच्या प्रकाशाने ते चढतात आणि तंतूच्या आतच गुणाकाराची साखळी सुरू होते. आरसे वेगळे बसवत नाहीत. तंतूच्याच दोन टोकांजवळ काचेत अतिसूक्ष्म पट्टे उमटवलेले असतात, आरशाचं काम ते करतात. तयार झालेला किरण तशाच लवचिक तंतूतून थेट मशीनच्या डोक्यापर्यंत, म्हणजे कटिंग हेडपर्यंत जातो. पटेलांच्या लेझरला ही सोय नव्हती. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, आणि काच त्या तरंगलांबीला अपारदर्शक. म्हणून त्याचा किरण आरशांवरून आपटत न्यावा लागे आणि एक आरसा जरा हलला की मिस्त्रीचा अख्खा दिवस जुळवाजुळवीत जाई. शिवाय लोखंड १०.६ मायक्रॉनचा उजेड बराचसा परत फेकतं. फायबरचा, म्हणजे एक मायक्रॉनच्या आसपासचा, त्याहून चांगला पितं. विजेचा हिशेबही फायबरच्या बाजूचा आहे. जुनं मशीन घेतलेल्या विजेचा दहावा हिस्सा उजेडात बदलायचं, फायबर तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच बदलतं. वीजबिल भरणाऱ्याला आणखी काही समजवावं लागत नाही.

हेडमध्ये दोन भिंगं असतात. तंतूतून बाहेर पडून पसरणारा किरण पहिलं भिंग समांतर करतं, दुसरं त्याला एका ठिपक्यावर आणतं. समजा मशीन तीन किलोवॉटचं आहे आणि ठिपका ०.१५ मिलिमीटरचा. हिशेब केला तर त्या ठिपक्यावर दर चौरस मिलिमीटरला जवळपास १ लाख ७० हजार वॉट पडतात. भर दुपारचं ऊन दर चौरस मिलिमीटरला एक हजारांश वॉट देतं. म्हणजे हा उजेड उन्हाच्या सुमारे १७ कोटी पट दाट. तीन किलोवॉट ही ताकद तशी काही विशेष नाही, गिरणीची मोटरही तेवढ्याची असते. जादू आहे ती जागा लहान करण्यात. पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळतं आणि इथे त्या तापमानाला जायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. शेजारच्या धातूला तापायला सवडच मिळत नाही, म्हणून पत्रा फारसा वाकत नाही. गॅस कटिंगच्या टॉर्चने कापलेली पातळ पट्टी पापडासारखी वळते, ते इथे होत नाही.

भिंगांच्या खाली एक साधी काच असते, संरक्षक काच. तिच्याखाली तांब्याचं नोझल. त्याच्या एक ते चार मिलिमीटरच्या भोकातून किरण आणि गॅस दोन्ही बाहेर पडतात. नोझल पत्र्याला टेकत नाही, एखादा मिलिमीटर वर तरंगतं. पत्रा कुठे फुगलेला, कुठे दबलेला असतो, तरी हे अंतर बदलत नाही. कारण नोझल आणि पत्रा मिळून विजेचा एक कपॅसिटर होतो. अंतर बदललं की त्याची धारणशक्ती बदलते, कंट्रोलर ती सतत मोजतो आणि मोटर हेडला वरखाली करत राहते.

आता गॅस. माझ्या मते इथेच खरी कारागिरी आहे.

साधं लोखंड, म्हणजे एमएस, जाड असलं की ऑक्सिजन लावतात. आपल्याकडच्या गुऱ्हाळात जसं उसाचा रस कढवायला त्याच उसाचं चिपाड चुलवणात घालतात, तसं इथे लोखंड स्वतःच जळण होतं. तापलेलं लोखंड ऑक्सिजनमध्ये जळतं, जळताना भरपूर उष्णता देतं आणि ती पुढचं लोखंड वितळवायला कामी येते. लेझर फक्त वाट दाखवतो म्हटलं तरी चालेल. म्हणून तीन किलोवॉटचं मशीन २० मिलिमीटरची प्लेटही ऑक्सिजनवर कापू शकतं. दाब अगदी कमी ठेवतात, जाड प्लेटला एक बारच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. जास्त दिला तर जळण भडकतं आणि खाच वेडीवाकडी रुंदावते. टोकदार कोपऱ्यात ही अडचण हमखास येते. वळताना हेडचा वेग कमी होतो, पण लोखंड जळायचं थांबत नाही, आणि कोपरा खाल्ला जातो. जाणता ऑपरेटर तिथे ताकद उतरवतो, नाहीतर ड्रॉइंगवाल्याला फोन करून कोपऱ्याला थोडी गोलाई मागतो.

ऑक्सिजनवर कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा काळसर थर बसतो. ती कड तशीच पावडर कोटिंगला गेली की रंग त्या थराला धरतो, लोखंडाला नाही. थर सुटला की रंग सुटला. लोक मग कोटिंगवाल्याशी भांडतात. थर घासून किंवा आम्लात धुऊन काढला की प्रश्न मिटतो, पण ते काम कोणाचं हे आधी ठरलेलं नसतं.

स्टेनलेसला, म्हणजे एसएसला, नायट्रोजन. तो जळत नाही आणि जळू देत नाही. इथे सगळी उष्णता लेझरलाच द्यावी लागते, आणि वितळलेला रस निव्वळ दाबाने ढकलायचा असल्याने दहा ते वीस बार दाब लागतो. गॅसही ढिगाने जातो. म्हणूनच एसएसच्या कामाचा दर ऐकून गिऱ्हाईक दचकतं. त्यातला मोठा भाग शेडबाहेर उभ्या असलेल्या ड्युरा सिलिंडरमधल्या द्रवरूप नायट्रोजनचा असतो. बदल्यात मिळते ती चकचकीत, पांढरी कड, थेट वेल्डिंगला घेता येण्यासारखी. तिसरा पर्याय साध्या हवेचा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, ती दाबून सोडली की पातळ पत्रा झकास कापला जातो आणि खर्च फक्त कॉम्प्रेसरच्या विजेचा. कड किंचित पिवळट किंवा राखाडी येते. आतल्या ब्रॅकेटला त्याने काय बिघडतं? पण हवा कोरडी आणि तेलमुक्त हवी. ड्रायर-फिल्टरमध्ये काटकसर केली की तेलाचा बारीक फवारा संरक्षक काचेवर बसतो, तिथे उजेड शोषला जातो आणि काच तडकते.

एक काम सुरुवातीपासून पाहू. दहा मिलिमीटर एमएसची गोल फ्लँज, मध्ये मोठं भोक, कडेने बोल्टची चार. जुने मिस्त्री अजून तिला तीन सुताची प्लेट म्हणतात. गिऱ्हाईक पेन ड्राइव्हमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल देतं. पहिलं काम नेस्टिंगचं: १५०० बाय ३००० च्या प्लेटवर जास्तीत जास्त तुकडे बसवणं. दहा मिलिमीटरच्या या प्लेटचं वजन ३५३ किलो भरतं, त्यामुळे नेस्टिंगमध्ये वाया गेलेली प्रत्येक पट्टी भंगाराच्या भावाने जाते. फ्लँजच्या मधल्या भोकात लहान वॉशर बसवून टाकणारा ऑपरेटर मालकाचा लाडका असतो.

मग खाचेची भरपाई. किरणालाही रुंदी आहे. समजा खाच ०.२ मिलिमीटरची पडते. तर २० मिलिमीटरचं भोक हवं असताना किरणाचा मध्य १९.८ च्या वर्तुळावर फिरवावा लागतो. बाहेरच्या कडेला उलट, मध्य तेवढाच बाहेर. सॉफ्टवेअर हे करतं, पण खाचेची खरी रुंदी त्याला माणसाने मोजून सांगावी लागते.

कापताना आधी प्लेटला छिद्र पाडतात. त्याला पिअर्सिंग म्हणतात. या क्षणी खाली वाट नसते, त्यामुळे रस वर उसळतो आणि तिथे एक खड्डा पडतो. म्हणून ते नेहमी टाकाऊ भागात पाडतात आणि तिथून छोट्या वळणाने खऱ्या रेषेवर येतात. आतली पाचही भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. उलट केलं तर बाहेरची कड सुटताच फ्लँज खालच्या दातेरी पट्ट्यांवर कलते, आणि मग भोकं कुठल्या कुठे जातात. कललेला तुकडा वर आला आणि पुढच्या फेरीत हेड त्यावर आदळलं, तर खर्च लाखांत जातो. त्यामुळे हलक्या तुकड्यांना अर्ध्या मिलिमीटरचा सांधा मुद्दाम न कापता ठेवतात. नंतर हाताने मोडून ग्राइंडर मारला की झालं. दहा मिलिमीटरला हेड मिनिटाला मीटर-सव्वा मीटर चालतं. एक मिलिमीटरच्या पत्र्यावर तेच मशीन मिनिटाला तीसेक मीटर धावतं आणि नजर पोहोचत नाही.

तुकडा थंड झाला की कडेवर बोट फिरवून पाहा. उभ्या, बारीक, सरळ रेघा लागल्या तर सगळं जुळलेलं आहे. रेघा खाली जाताना मागे वळल्या असतील तर वेग जास्त झाला, खालचा भाग वरच्याच्या मागे रेंगाळला. खालच्या कडेला लोखंडाचे घट्ट मणी चिकटले असतील, ज्याला शेडमध्ये बर म्हणतात, तर वेग, फोकस किंवा गॅस यांपैकी एकाची चूक आहे. निम्मं निदान या कडेवर लिहिलेलं असतं. कंपनीचा इंजिनिअर येईपर्यंत वाट पाहायची गरज नसते.

कोल्हापूरच्या पावसाळ्याचा एक वेगळा त्रास आहे. लेझरची पेटी आणि हेड थंड ठेवायला चिलर लागतो, त्यात पाणी फिरतं. जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की पाणी जरा जास्त गार ठेवलं की हेडच्या आत, भिंगावर आणि डायोडजवळ दव धरतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तोच हा घाम, फक्त इथे तो लाखो रुपयांच्या काचेवर सुटतो. त्यावर किरण पडला की खेळ संपला. म्हणून पावसाळ्यात चिलरचं तापमान थोडं वर ठेवतात, पेटी एसीच्या बंद खोलीत ठेवतात आणि वीज जाऊन परत आल्यावर मशीन लगेच पूर्ण ताकदीने चालवत नाहीत. शिरोलीत फौंड्र्यांच्या वाळूची धूळ बारा महिने असते, तिचा बंदोबस्त निराळा.

आता लोखंड सोडून इतर माल. तांबं, पितळ, चांदी हे एक मायक्रॉनचा उजेड परत फेकण्यात पटाईत. हुपरीची चांदी ९५ टक्क्यांहून जास्त परत पाठवते, आणि तो परतलेला किरण तंतूतून उलट जाऊन लेझरचंच नुकसान करू शकतो. आजच्या मशीनमध्ये त्याला अडवायची सोय असते; तरी असा माल लावण्याआधी मशीनच्या पुस्तकात पाहिलेलं बरं. लाकूड, ॲक्रिलिक, चामडं यांची गोष्ट उलटी. ॲक्रिलिकमधून फायबरचा उजेड आरपार जातो, काहीच होत नाही. तिथे पटेलांचाच कार्बन डायऑक्साइड लेझर लागतो, शे-सव्वाशे वॉटचाही पुरतो. दुकानांच्या पाट्या, ट्रॉफ्या, आणि २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यानंतर गणपतीत दिसू लागलेली एमडीएफची जाळीदार मखरं याच जातीच्या मशीनवर निघतात. ॲक्रिलिकची कड वितळून आपोआप काचेसारखी होते. चामड्याची कड मात्र जळून काळी पडते आणि तो वास लवकर जात नाही. कोल्हापुरी चपलेच्या जाड तळाला हे मशीन हाताच्या रापीची जागा घेईल असं मला वाटत नाही. नक्षीच्या भोकांना चालेल.

दोन गोष्टी मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी करू नयेत. रेक्झिन किंवा कुठलाही पीव्हीसी माल लेझरवर लावू नये. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती फुप्फुसं जाळते आणि महिन्याभरात मशीनचे रेल गंजवते. दुसरी, फायबर मशीनचं केबिन उघडं ठेवून कापू नये. तो किरण बुबुळातून आरपार जाऊन थेट नेत्रपटलावर एकवटतो. दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. वेल्डिंगची काळी काच त्यावर उपाय नाही. त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्माच लागतो.

काम द्यायला जाणार असाल तर ड्रॉइंग एकास एक मापात आणि मिलिमीटरमध्ये द्या. भोकाचा व्यास शक्यतो पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नका. आटे पाडायचे असतील तर ते आधीच लिहा, म्हणजे भोक त्या टॅपच्या मापाने कापता येईल. आणि दर विचारताना गॅस कुठला लावणार आणि ऑक्साइड कोण काढणार, हे दोन प्रश्न आधी विचारा, कोटेशनवर लिहून घ्या.